तलब

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींशी बोलताना अलीकडे दोन शब्द सारखे कानावर येतात. एक ‘टाइमपास’ आणि दुसरा ‘क्या फायदा’. दिवसभर काय करतोस, असं विचारलं की पहिला येतो. पुढं काय करायचं ठरवलंयस, असं विचारलं की दुसरा. दोन्ही हसत हसत बोलले जातात, म्हणून मोठी माणसं फारसं मनावर घेत नाहीत. पहिल्यावर आई-वडील चिडतात, कारण त्यांना मुलाच्या हातातला मोबाईल दिसतो. दुसऱ्यावर कुणी काहीच बोलत नाही. मला मात्र वाटतं की दोन्ही शब्द एकाच दुखण्यातून येतात, आणि ज्यावर आपण गप्प बसतो तो शब्द जास्त गंभीर आहे.

मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. बी.एड. करून नोकरीला लागले त्याला १८ वर्षं झाली. माझ्या हाताखालून दहावी होऊन गेलेली मुलं आज बीए, बीएस्सी, बीसीए, एमएस्सी करत आहेत. कुणी पुण्याला हॉस्टेलवर राहतं, कुणी इथंच शिकतं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २००४ साली. त्याआधी इथल्या कॉलेजांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असायची. आमच्या वस्त्यांमधल्या मुलींसाठी विद्यापीठ शहर बसच्या अंतरावर येणं ही लहान गोष्ट नव्हती. विडी वळणाऱ्या आईची मुलगी आज एमए करते आणि यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाचा मुलगा संगणक शिकतो. यातल्या कित्येक घरांतली पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिली पिढी आहे. म्हणूनच त्यांच्या तोंडून ‘क्या फायदा’ ऐकलं की मला चैन पडत नाही.

मोबाईलचा अतिवापर आणि जगण्यातला अर्थ हरवणं, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न जगभरच्या विद्यापीठांत होतो आहे. त्यासाठी वापरली जाणारी साधनं साधी असतात. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१३ साली स्मार्टफोनच्या व्यसनाची एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात १० विधानं आहेत. ठरवलेलं काम फोनमुळं राहतं का, मनगट-मान दुखते का, फोन हातात नसेल तर जीव कासावीस होतो का, आजूबाजूचे लोक बोलून दाखवतात का, अशा आशयाची. प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण. दुसरी प्रश्नावली अमेरिकेतल्या मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांची, २००६ सालची. तिच्यातही १० विधानं आहेत, पण ती जगण्याच्या अर्थाबद्दल आहेत. त्यातली ५ विचारतात की तुमच्या आयुष्याला अर्थ आहे असं तुम्हाला वाटतं का. उरलेली ५ विचारतात की तुम्ही तो शोधत आहात का. असणं वेगळं आणि शोधणं वेगळं, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला.

अशा अभ्यासांत साधारणपणे असं दिसतं की फोनच्या व्यसनाचे गुण वाढतात तसे अर्थ असण्याचे गुण कमी होतात. पण यातून कारण सिद्ध होत नाही. फोनमुळं अर्थ हरवला की अर्थ हरवला म्हणून फोन हातात आला, हे एका बैठकीत भरून घेतलेला कागद सांगू शकत नाही. आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्हिडिओ गेमच्या व्यसनाला जागा मिळाली आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाला नाही. तेव्हा ‘व्यसन’ हा शब्द आपण घरात वापरतो तितक्या सहजपणे डॉक्टर वापरत नाहीत.

गेल्या वर्षी रमजानच्या सुट्टीत मी या दोन्ही प्रश्नावल्या आमच्या मुलांना कळेल अशा भाषेत उतरवून काढल्या. बासी ईदला जुने विद्यार्थी घरी सलाम करायला येतात. शिरखुर्म्याच्या वाट्या उचलल्या गेल्या आणि मी कागद वाटले. आठ जण होते, तीन मुली आणि पाच मुलगे. बेरीज मी केली नाही, कारण आठ जणांच्या बेरजेतून काहीच ठरत नाही. मला ऐकायचं होतं ते बोलणं, आणि पहिली अडचण शब्दांचीच आली.

‘आयुष्याला अर्थ आहे का’ हे वाचून कॉमर्सचा मुलगा म्हणाला, “आपा, अर्थ म्हणजे पैसेच ना?” सगळे हसले, पण त्याचं काय चुकलं? अर्थसंकल्प, अर्थशास्त्र, अर्थमंत्री या सगळ्या ठिकाणी अर्थ म्हणजे पैसाच. मग मी उर्दूकडं वळले. ‘मतलब’ म्हटलं तर ‘मतलबी’ आठवून पुन्हा हसू. शेवटी ‘मकसद’वर सगळे थांबले. तेव्हा एमएस्सी करणारी मुलगी कागदावरून डोळे न उचलता म्हणाली, “मकसद तो एकीच है आपा, नौकरी. वो मिलती नै.” त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

दुसरी अडचण ‘व्यसन’ या शब्दाची. तो कुणालाच मान्य नव्हता. व्यसन दारूचं असतं, गुटख्याचं असतं. ‘लत’सुद्धा नको. “आदत है आपा, लत नै.” मी विचारलं, सकाळी डोळे उघडल्यावर हात आधी कुठं जातो? उशीखाली. पेपर लिहून बाहेर आल्यावर? बॅगेकडं. आणि फोन घेतला की नेमकं काय बघायचं असतं? यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. काही बघायचं नसतं, पण घ्यावासा वाटतो. मग मी म्हटलं, मराठीत विडीची ‘तलफ’ म्हणतात आणि उर्दूत चहाची, सिगरेटची ‘तलब’ लागते, तसं काही होतं का? हा शब्द सगळ्यांनी एकदम मान्य केला. “हौ आपा, तलबच है.”

त्या रात्री भांडी आवरताना मला एकदम जाणवलं की हा शब्द मी १८ वर्षं वेगळ्याच अर्थानं शिकवते आहे. विद्यार्थ्याला उर्दूत काय म्हणतात? तालिब-ए-इल्म, म्हणजे ज्ञानाची तलब असलेला. तलब आणि तालिब एकाच धातूतून आलेले शब्द. चहासाठी जीव तळमळतो तीही तलब, आणि ज्ञानाच्या शोधात माणूस घर सोडतो तीही तलबच. मराठीही वेगळं सांगत नाही. विद्यार्थी म्हणजे विद्येचा अर्थी, विद्या मागणारा. अर्थ हा शब्द विद्यार्थ्याच्या नावातच आहे, फक्त तो तिथं ‘असण्याचा’ नसून ‘शोधण्याचा’ आहे. स्टेगरच्या प्रश्नावलीत आमच्या बहुतेक मुलांनी शोधाच्या विधानांना भरभरून गुण दिले होते. असण्याच्या विधानांवर पेन मधल्या आकड्यावर थांबलं होतं, म्हणजे धड होय नाही आणि धड नाहीही नाही. या मुलांची शोधाची भूक मेलेली नाही. उलट ती जोरात आहे. प्रश्न एवढाच की तिला खायला काय मिळतं आहे.

फोन तिला काय देतो ते बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याआधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणारी आमची घरं बघता बघता रोज दीड-दोन जीबीची झाली. हा रोजचा डेटा रात्री बारा वाजता संपतो, उरलेला पुढच्या दिवशी मिळत नाही. त्यामुळं रात्री साडेअकराला “अभी एक जीबी बाकी है” असं म्हणत मुलं तो संपवायला बसतात. ताटात अन्न टाकू नये अशी शिकवण असलेल्या घरात डेटाही वाया जाऊ नये, हे ओघानंच आलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केले. एक दार बंद झालं आणि महिन्याच्या आत शेजारचं उघडलं.

यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. जुन्या वेबसाइटवर पान संपायचं, खाली ‘पुढचं पान’ असं बटण असायचं. त्या बटणापाशी माणूस क्षणभर थांबायचा. २००६ साली एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञानं न संपणारं पान तयार केलं. अंगठा सरकवत जा, खालून नवं येतच राहतं. पुढं त्यानं स्वतःच या कामाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आता पान संपत नाही, तर पुस्तक मिटायचं कधी? दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दर वेळी ठरल्याप्रमाणं दाणा मिळाला तर कबुतर पोटापुरतं टोचतं. पण दाणा कधी मिळेल, कधी नाही, याचा नेम नसेल तर ते टोचतच राहतं. दहा रील्स फालतू निघतात, अकरावं खळखळून हसवतं. ते अकरावं पुढं कुठंतरी आहे, या आशेवर अंगठा चालत राहतो.

२०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास ८०० जणांना स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची कोडी सोडवायला दिली. काहींचा फोन समोर टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. फोन मुका करून ठेवलेला होता, तरी ज्यांचा दुसऱ्या खोलीत होता त्यांनी टेबलावरवाल्यांपेक्षा बरं सोडवलं. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण अभ्यासिकेत बसणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, पालथा ठेवलेला फोन किती बोलतो ते. तो न वाजताही त्याच्याकडं लक्ष जातं.

इथपर्यंत आलं की सगळा दोष फोनवर ढकलून मोकळं होण्याचा मोह होतो. तो मला आवरावा लागतो, कारण अर्थ हरवण्याचा इतिहास फोनच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्या घरोघरी ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं ते इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते. त्या काळातलं ते सर्वांत नावाजलेलं विद्यापीठच म्हणायचं. त्यांच्यासमोर सुमारे ३०० विद्यार्थी बसत. वय चाळिशीच्या आत. १०९५ साली त्यांची अशी अवस्था झाली की वर्गात जीभ उचलेना, शब्द फुटेना, घास गिळवेना. हकिमांनी सांगितलं की दुखणं शरीराचं नाही, काळजातलं आहे. गझालींनी पुढं आत्मकथनात त्याचं कारण लिहून ठेवलं. आपण शिकवतो ते खुदासाठी नाही, नाव व्हावं, लोकांनी वाहवा करावी यासाठी, हे त्यांना स्वतःच्या आत दिसलं होतं. त्यांनी मानाची जागा सोडली आणि बगदादही सोडलं. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइक्स मोजून जगणं त्यांना असह्य झालं. गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. साधारण अकरा वर्षांनी ते नैशापूरला पुन्हा शिकवायला गेले. काम तेच होतं, विद्यार्थी होते, वर्ग होता. पण कुणासाठी करायचं, याचं उत्तर बदललेलं होतं.

विसाव्या शतकात व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून वाचून बाहेर आले आणि १९४६ साली त्यांनी त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. माणसाला सुखापेक्षाही अर्थाची गरज असते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. त्यांनी ‘रविवारच्या दुखण्या’बद्दल लिहिलं आहे. आठवडाभर माणूस कामात गुंतलेला असतो, रविवारी काम थांबतं आणि आतली पोकळी जाणवायला लागते. आमच्या मुलांचा सोयीचा भाग असा की त्यांना ती पोकळी जाणवण्याइतका रिकामा रविवार मिळतच नाही. जाणवायच्या आत फोन ती भरून टाकतो. आणि घाताचा भागही नेमका हाच. भूक लागण्याआधी फुटाणे खात राहिलेल्या पोराला जेवण का जात नाही, हे आईला कळतं. तसंच आहे हे.

आता ही पोकळी येते कुठून, तेही पाहू. मोठं कारण आहे वाट पाहणं. पदवी झाली की स्पर्धा परीक्षा. जाहिरातीची वाट, तारखेची वाट, निकालाची वाट, मग नियुक्तीची वाट. पंचवीस-सव्विसाव्या वर्षापर्यंत मुलगा ‘तयारी’ करत असतो. या काळात त्याची कुणाला गरज नसते. घरात तो सकाळी जेवतो, संध्याकाळी जेवतो, आणि सगळे त्याच्या नोकरीची वाट बघतात, त्याची नाही. आमच्या समाजातल्या मुलांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी येऊन मिळतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. ज्या मुलीनं ती डोळ्यांसमोर ठेवून एमएला प्रवेश घेतला होता तिला ‘क्या फायदा’ म्हणू नकोस, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यात फोन उघडला की आपल्याबद्दल द्वेषानं बोललेलं काही ना काही रोज समोर येतं. मुलं ते बघतात, पुन्हा बघतात, कुणाला बोलून दाखवत नाहीत. आपण काहीही केलं तरी काही बदलणार नाही, ही भावना अशी थेंब थेंब मुरत जाते.

मुलींची गोष्ट तर आणखी वेगळी. संध्याकाळी सातनंतर मुलगा चौकात उभा राहू शकतो, मैदानावर जाऊ शकतो, अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसू शकतो. मुलीला घर, आणि घरात फोन. तिच्यासाठी तो वाचनालय आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, मैत्रिणीचं घरही आहे. तो काढून घेतला तर तिची खिडकीच बंद होते. म्हणून ‘मुलींना फोन देऊ नका’ असं लग्नाच्या मांडवात बसून सांगणाऱ्या बुजुर्गांना मी दर वेळी विचारते, चचा, त्याच्या बदल्यात काय देणार ते आधी सांगा.

या सगळ्यावर तोडगा माझ्या खिशात नाही. पण एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, ते सांगते.

माझी एक विद्यार्थिनी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. बासी ईदला आलेल्या आठ जणांतली ती एक. तिचा स्वतःचा हिशोब असा की दिवसाचे सहा-सात तास फोनवर. त्या हिवाळ्यात तिच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका अंध मुलीला परीक्षेसाठी लेखनिक हवा होता. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, आणि ऐन परीक्षेत असं कुणी मिळणं सोपं नसतं. शिक्षकांनी हिला विचारलं. ती घाबरून माझ्याकडं आली. घाबरण्याचं कारण फार गोड होतं. पेपर इतिहासाचा आणि मराठीत लिहायचा. “आपा, मेरे र्‍हस्व-दीर्घ से उसके मार्क कटे तो?” उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलीला एका मराठी मुलीचा पेपर मराठीत लिहायचा होता. आम्ही तीन संध्याकाळी बसून सराव केला.

तीन तासांचा पेपर, अंध विद्यार्थ्यांना मिळणारा जादा एक तास, म्हणजे एकूण चार तास. फोन बाहेर बॅगेत. पहिल्या पेपरनंतर मी विचारलं, तलब लागली? ती म्हणाली, “याद ही नै आया आपा. वो बोल रही थी ना.” समोरची बोलत होती, आणि हिचा हात थांबला असता तर तिचं वर्ष थांबलं असतं. एवढं सरळ गणित होतं ते.

खरी गंमत पुढं झाली. त्या अंध मुलीचा सगळा अभ्यास मोबाईलवरच चालतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय फोनमध्ये असते. पण वर्गातल्या नोट्सचे जे फोटो फिरतात, त्यातलं हस्ताक्षर तो फोन वाचू शकत नाही. मग आमच्या मुलीनं त्या नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. रात्री घर झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून एक एक प्रकरण. रोज साधारण तासभर. वाचताना अडलं की मला शब्दाचा उच्चार विचारते. इतिहास तिचाही पक्का होत चालला आहे, हा वरचा नफा. फोन आजही तिच्या हातात असतो, रील्सही ती बघते. सहा-सात तासांचे किती झाले हे मी विचारलेलं नाही. पण एवढं खरं की ‘क्या फायदा’ मी तिच्या तोंडून बऱ्याच दिवसांत ऐकलेलं नाही. तिच्या फोनच्या पलीकडं आता कुणीतरी तिच्या आवाजाची वाट बघत असतं.

मला वाटतं अर्थ असा येतो. तो मनातल्या मनात शोधून सापडत नाही, दुसऱ्याच्या गरजेत सापडतो. आपल्याकडं जुनी माणसं ‘किसी के काम आना’ म्हणतात, मराठीत ‘उपयोगी पडणं’. बोलताना फार साधं वाटतं, पण ‘क्या फायदा’ला दिलेलं खरं उत्तर तेच आहे. फायदा कुणाचा, हे ठरलं की प्रश्न मिटतो.

याच कारणानं नुसती बंदी टिकत नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफला बसणारी पोरं फोन घरी ठेवून मशिदीत राहतात. दहा दिवस राहतात, आणि छान राहतात. चाँदरातीला बाहेर पडल्या पडल्या फोन परत हातात. याचा अर्थ त्यांचा एतिकाफ खोटा होता असा नाही. तिथं त्यांच्या दिवसाला आकार होता, सोबत माणसं होती, वेळेला बांधलेली इबादत होती. बाहेर आल्यावर यातलं काहीच उरलं नाही, फक्त रिकामा वेळ उरला. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ऑगस्ट २०२२ पासून एक प्रयोग केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात मुलं अभ्यास करतात, मोठी वाचतात, शेजारी एकमेकांशी बोलतात. या बातमीत लोकांना भोंगा लक्षात राहिला. मला लक्षात राहिलं ते हे की सगळं गाव एकदम थांबलं. बापाच्या हातात फोन आणि मुलाला उपदेश, असं तिथं झालं नाही, आणि दीड तासात करायचं काय, हेही ठरलेलं होतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. मूल रात्र रात्र झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, परीक्षा बुडत असतील, माणसं टाळत असेल, तर उपदेशही नको आणि माझ्या या लेखाचाही उपयोग नाही. डॉक्टरकडं जा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा त्रासासाठी २०१४ पासून वेगळा विभाग चालतो. आपल्या शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनाही हे दुखणं आता नवं नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बाकीच्यांसाठी माझं मागणं आई-वडिलांकडं आणि माझ्यासारख्या शिक्षकांकडं आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला घरात एक तरी काम असं द्या की जे त्यानं केलं नाही तर खरोखर अडेल. दादीची औषधं, धाकट्या भावाचं गणित, अम्मीच्या कारखान्यातल्या पगाराचा आणि पीएफचा हिशोब, शेजारच्या खालाचा रेशनचा अर्ज. आणि मग ते त्याच्यावरच सोडा, मागे लागू नका. नोकरी लागेल तेव्हा लागेल, पण त्याची गरज आजही आहे, हे त्याला आजच कळू द्या.

या वर्षी मी शाळेत एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर दीड तास जुने विद्यार्थी येऊन नववीच्या मुलांकडून मराठी वाचून घेतात. आमच्या मुलांना मराठी वाचताना जोडाक्षरं अडतात, आणि ती का अडतात हे त्यांच्याच वाटेनं गेलेल्या भाई-बाजींना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. सुरुवातीला सहा जण आले, दोघांचं येणं थांबलं, चौघं टिकून आहेत. फोन बंद ठेवा असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. मागच्या शनिवारी त्यातल्या एकाला यायला उशीर झाला, तर नववीतली तीन मुलं फाटकापाशी जाऊन उभी राहिली होती. तो सायकल लावून धापा टाकत आत आला. कॉमर्सचा तोच मुलगा, ज्याच्या मते अर्थ म्हणजे पैसे. फोनला चार्जिंग नव्हतं म्हणून उशीर होतोय हे कळवता आलं नाही, असं तो मला सांगत होता आणि एक मुलगा त्याच्या शर्टाची बाही ओढून म्हणत होता, “भाई, वो ‘ज्ञ’वाला पन्ना लेव पैले.”